सैतानाच्या खुर्चीवर नगराध्यक्षांची स्वारी

प्रथम त्या डोंगरास नमन, ज्याने आपल्या अंगी ऐसे आसन धारण केले. मग वारा आणि पाणी या उभय कारागिरांस नमन, ज्यांनी ते युगानुयुगे मजुरीविना कोरिले. आणि शेवटी सैतानासही दुरून नमन, की ज्याचे नाव त्यास लाभले. त्या नावाविरुद्ध नगराध्यक्षांनी मोहीम काढिली, तीत त्यांजवर प्रसंग कैसा गुदरला आणि अखेर फत्ते कोणाची जाहली, हा मजकूर सर्वांस श्रुत व्हावा म्हणोन यथामती लिहिला असे.

शहराच्या माथ्यावर काळ्या खडकात एक कपार आहे. तीस पाठ आहे, हात आहेत, बैठक आहे. तमाम रयत तिजला सैतानाची खुर्ची म्हणते. शेजारी सैतानाचा रांजण आणि सैतानाची घसरगुंडी ही दोन ठाणी आहेत, परंतु दरारा तो खुर्चीचाच. पायथ्याशी खानावळ चालविणारी मावशी येईल त्या प्रवाशास कथा सांगते ती ऐसी, की सैतान एकदा उन्हाने दमून येथे टेकला आणि विचारणाऱ्यास म्हणाला, मी साधा वाटसरू. खोटे बोलताच खडकाने त्यास कमरेस आवळिले. मग त्याने गर्जना केल्या, आणि शाप दिले, आणि खडकास लाच देऊ केली, खडक ढिम्म. सांज होता रडकुंडीस येऊन, "मला घरी जायचंय, बायको ओरडेल," ऐसे जन्मातले पहिले खरे वाक्य बोलिला आणि तत्क्षणी सुटला. तेव्हापासून खुर्चीत खोटे बोलेल तो अडकेल आणि खरे बोलेल तो सुटेल, ऐसा त्या स्थळाचा कायदा.

नगराध्यक्ष बाळपणी शाळेच्या सहलीत त्याच खुर्चीत बसले, आणि गृहपाठ केला आहे ऐसे गुरुजींस बोलिले, आणि अडकले. त्या दिवशी वर्गाने त्यांस "बूच" ही पदवी बहाल केली. पुढे मिशा आल्या, मग टक्कल आले, मग पद आणि मोटार आली. पदवी काही गेली नाही.

ऐशात कन्येची सोयरीक जुळू लागली. कन्या दातांची डॉक्टर, भर चौकात तिचा दवाखाना. होणारे व्याही परगावचे, जकात खात्यातील बडे अंमलदार, हसण्याचे बाबतीत अत्यंत काटकसरी. त्यांचे कानी "बूच" पडल्यास इभ्रत ती काय राहिली आणि सोयरीक ती कोठली, या चिंतेने नगराध्यक्षांस अन्न गोड लागेना. मग त्यांनी मसलत केली, की खुर्चीचे नावच नामशेष करावे. सैतानाची खुर्चीच न उरल्यास तीत कोण अडकला होता हे कोण पुसणार. पत्नी म्हणाली, "अहो, खुर्चीचं नाव बदलाल. तुमचं कोण बदलणार?" परंतु थोरांच्या मोहिमा घरच्या शहाणपणाने अडत नाहीत. फर्मान सुटले, जे इतःपर या स्थळास सद्भावना आसन म्हणावे, आणि सैतानाचा उच्चार करील त्यास दंड होईल.

मुहूर्ताचे दिवशी बँडवाले, नगरसेवक, फीत, कात्री आणि नवी संगमरवरी पाटी ऐसा सरंजाम घेऊन स्वारी डोंगरावर दाखल जाहली. थाट दिसावा म्हणोन व्याही-विहीणबाईंस अग्रभागी मानाच्या जागा दिल्या होत्या. तेथे फोटोग्राफर बोलिला, "साहेब, जरा टेका ना. बसून फोटो भारी येतो." मोह वाईट. नगराध्यक्ष टेकले, आणि टेकल्या ठिकाणाहूनच भाषण आरंभिले, की या नामांतरात माझा काडीइतकाही खासगी हेतू नाही.

आता वक्त्यांची एक रीत असते, की वाक्य संपताच टाळ्यांसाठी थांबावे आणि छाती भरून श्वास घ्यावा. नगराध्यक्षांनी तैसेच केले. पोट फुगले आणि खडकास भिडले. मग निःस्वार्थ सेवेचे वाक्य जाहले, मग श्वास. मग जनतेच्या प्रेमाचे वाक्य जाहले, मग श्वास. आणि उठू गेले तो उठवेना. एकच हलकल्लोळ जाहला. सत्ताधारी उजव्या हातास आणि विरोधक डाव्या हातास लागले, परंतु एकाच वेळी ओढण्यावर त्यांचे एकमत होईना. मावशीने खानावळीतील उन्हात तापलेला तेलाचा डबा आणून ओतिला. कोट कामास आला, कंबर हलली नाही. इतक्यात गर्दीतून कोणी म्हणाले, "बूच परत बसलं रे," आणि अवघा डोंगर हसला.

व्याही नगराध्यक्षांच्या पत्नीकडे वळून पुसते जाहले, "बूच म्हणजे कोण?"

ज्या शब्दासाठी एवढी मोहीम काढिली, तोच शब्द भर दरबारी प्रकट जाहला. नगराध्यक्षांचे तोंड काळवंडले. तेव्हा पत्नी पदर खोचून पुढे जाहली आणि म्हणाली, "थांबत थांबत बोलू नका. आज टाळ्या नाहीत. एका दमात खरं सांगा आणि मोकळे व्हा."

मग नगराध्यक्षांनी डोळे मिटिले आणि बोलिले, "मीच तो बूच, शाळेत असताना इथेच अडकलो, गृहपाठ केला नव्हता, तेव्हापासून सगळं गाव बूच म्हणतं, हीसुद्धा चिडली की म्हणते, तुम्हाला कळू नये म्हणून हे सगळं केलं, सद्भावनेचं मला काही पडलेलं नाही आणि तेल फार गरम आहे हो." येथवर येता श्वास सरला, पोट पाठीस लागले आणि स्वारी सुळकन बाहेर आली. कोणी म्हणतात सत्याचा प्रताप, कोणी म्हणतात आतला वारा सरला. शास्त्रात उभयतांस आधार आहे.

मग खानावळीच्या बाकांवर तहाची बोलणी बसली. नगराध्यक्ष तेलकट आणि अधोवदन. व्याह्यांनी कलमे मांडिली, की मुलगा शांत, घरचे सर्व काम करणारा. फक्त लग्नानंतर सूनबाईंनी दवाखाना बंद करावा, आणि ही इच्छा आमची नव्हे, मुलाचीच.

कन्येने चहाचा पेला खाली ठेविला. म्हणाली, "काका, हेच जरा वर त्या खुर्चीत बसून सांगता का?"

व्याह्यांनी खुर्चीकडे पाहिले, मग आपल्या पोटाकडे पाहिले. म्हणाले, "मी इथेच बरा आहे."

"मी उभ्यानेच सांगते," विहीणबाई उठत म्हणाल्या. "तो असं काही बोललेला नाही. त्याला चहासुद्धा करता येत नाही, आणि दाढ दुखतेय म्हणून महिनाभर कण्हतोय. दवाखाना बंद करायला निघालेत ते हे."

व्याह्यांचे मोर्चे तेथेच उठले. कन्येने फर्माविले, की दवाखाना चालेल, मुलाने चहा शिकावा आणि दाढ घेऊन उद्याच यावे; ते बिनशर्त मान्य जाहले. नगराध्यक्षांनीही आपले फर्मान त्याच बाकावर रद्द केले. निघतेवेळी व्याही हात जोडून म्हणाले, "येतो बूचराव," आणि त्यांस त्या दिवशी प्रथमच हसू आले, आणि नगराध्यक्ष म्हणाले, "या."

येणेप्रमाणे सोयरीक कायम, दवाखाना कायम आणि खुर्ची पूर्ववत सैतानाचे नावे कायम जाहली. हा विजय एका कोटाच्या व डबाभर तेलाच्या खर्चाने, अतिशय घुसमटीअंती प्राप्त जाहला. सबब दप्तरी दाखल करून येथे लेखणी खाली ठेविली असे.