झाड झालेले म्हसकर

म्हसकर कमरेपर्यंत चिखलात गेले होते, भरती चढत होती, आणि ते म्हणत होते, "मला विचारू नका. मी झाड आहे."

एका हातात झेंड्याचा बांबू, अंगात खाकी शर्ट, गळ्यात स्कार्फ, डोक्यावर टोपी. कमरेच्या वर माणूस अगदी व्यवस्थित होता. खाली काय चाललं होतं ते उत्तनच्या खाडीला ठाऊक.

काठावर आम्ही उभे. स्काउटची पोरं, मी, आणि बस्त्याव नावाचा तिथला कोळी. तो बोंबील वाळत घालायचं सोडून धावत आला होता. त्याच्या हातात दोर होता.

"ओ सर, दोर फेकतो, पकरा."

"मला सांगू नका. संघनायकाला विचारा," म्हसकर म्हणाले.

"कोन संघनायक?"

म्हसकरांनी रोवलेला बांबूच काठाकडे कलता करून दाखवलं. संघनायक म्हणजे नाझनीन. बारा वर्षांची पोरगी, चष्मा, दोन वेण्या. ती माझ्या पदराला धरून मला विचारत होती, "आजी, मैं रोऊँ क्या?"

हा माणूस कोण ते सांगते. वेडा नव्हता. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांचं मत वेगळं आहे, पण ती माणसं रोजचा पेपरसुद्धा दुसऱ्याच्या दारातला उचलून वाचतात, त्यांच्या मताचं मी फारसं मनावर घेत नाही.

आम्ही परळ सोडून मीरा रोडला आलो तेव्हा म्हसकर आमच्याच मजल्यावर राहायला आले होते. फोर्टातल्या एका कंपनीत डिस्पॅचला होते. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, मी एकदा सरळच विचारलं. म्हणाले, "वहिनी, विचारायचं राहून गेलं." मला वाटलं गंमत करतायत. गंमत करणारा चेहरा नव्हता त्यांचा.

रिटायर झाले आणि त्यांनी स्काउटचं पथक काढलं. बेव्हर्ली पार्कच्या मागे एक मोकळा प्लॉट होता, बिल्डरचं काहीतरी कोर्टात अडकलेलं. तिथे रविवारी सकाळी शिट्टी वाजायची. आसपासच्या बिल्डिंगांमधली पोरं जमायची. मराठी, गुजराती, मुसलमान, ख्रिश्चन, सगळी. मुलगेही आणि मुलीही. आईबापांना दोन तास घर मोकळं मिळायचं, म्हणून कोणाची तक्रार नव्हती.

म्हसकरांचा नियम एकच. पथक पोरांनी चालवायचं, मोठ्यांनी झाड व्हायचं. "झाड सावली देतं वहिनी. झाड हुकूम देत नाही." हे नुसतं म्हणायचे नाहीत, व्हायचे. पोरांची सभा सुरू झाली की बाजूला जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहायचे. एखाद्या पोराने विचारलं, "सर, ही गाठ बरोबर आहे का?" तर डोळे मिटून घ्यायचे. एकदा त्यांच्या टोपीवर कावळा येऊन बसला, तरी हलले नाहीत. महिनाभर ज्याला त्याला सांगत होते. "कावळ्यालासुद्धा पटलं," म्हणायचे.

हे प्लॉटपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. एका वर्षी ते सोसायटीचे चेअरमन झाले. मीटिंगमध्ये विषय निघाला, गेटला रंग कुठला द्यायचा. म्हसकर म्हणाले, "इथे सगळ्यात लहान कोण आहे?" शहांचा नातू होता, आईच्या मांडीवर बसून चकली खात होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "पर्पल." म्हसकरांनी हात वर केले आणि झाड झाले. पुढे कोणी काही बोललं तरी उत्तर नाही. आजही आमच्या इथे यायचं तर रिक्षावाल्याला बिल्डिंगचं नाव सांगून उपयोग नाही. जांभळा गेट म्हणावं लागतं.

आणि तो डावा हात. स्काउटवाले एकमेकांशी डाव्या हाताने हात मिळवतात. हे आपसात करायचं असतं, पण म्हसकर भेटेल त्याच्याशी करायचे. शहांच्या मुलीच्या लग्नात नवऱ्याच्या बापापुढे त्यांनी डावा हात केला. भर मांडवात. व्याही भडकले. त्यांना वाटलं, मुलीकडच्यांनी मुद्दाम अपमान करायला माणूस ठेवलाय. शेवटी मी मध्ये पडले. म्हटलं, "भाईसाब, ये आदमी सबके साथ ऐसाच करता है. कल यमराज आयेगा ना, उसको भी येईच हाथ देगा." व्याही हसले. म्हसकर माझ्या कानात म्हणाले, "वहिनी, छान समजावलंत. तुम्ही पथकात या."

मला गंमत वाटली. पण ते खरंच माझ्या दारात आले. मुली शिबिराला न्यायच्या तर बरोबर एक बाई लागते म्हणे.

"मला यातलं काही येत नाही," मी म्हटलं. "मी चौथी शिकलेय."

"तुम्ही बाई आहात आणि कोणाला घाबरत नाही. आणखी काय लागतं?"

माझ्या नऊवारीवर स्काउटचा स्कार्फ आला. स्वयंपाक माझ्याकडे. काय शिजवायचं ते अर्थात संघनायक ठरवणार. एका रविवारी एका संघनायकाच्या हुकमावरून मी पोह्यांत चॉकलेटच्या गोळ्या घातल्या. म्हसकरांनी ते पोहे संपवले आणि पुन्हा मागून घेतले. मी त्यांच्याकडे बघत होते. घास गिळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग नाझनीन आली. तिच्या वडिलांचा हाटकेशला पट्ट्याची बकलं बनवायचा गाळा होता. पोरगी हुशार, पण विचारल्याशिवाय श्वास घेत नव्हती. वही उघडू? खाली बसू? ह्या बाजूने जाऊ? घरात पाच मोठी माणसं आणि ही एकटी लहान, सगळे तिला सांगत राहायचे, त्यातून हे झालेलं. म्हसकरांनी तिला संघनायक केलं. मी त्याच दिवशी त्यांचं दार वाजवलं.

"म्हसकर, ही पोरगी पाणी प्यायला विचारते."

"म्हणूनच."

"दोन बिस्किटं दिली तर आधी कुठलं खाऊ विचारते."

"माहीत आहे."

"परवा मला म्हणाली, आजी, मैं छींकू क्या? मी हो म्हणेपर्यंत शिंक निघून गेली."

"वहिनी, म्हणूनच म्हणतोय."

"अहो, पोरं हसतील तिला. परत येणार नाही ती."

त्यांनी दोन्ही हात वर केले. स्वतःच्या दारात, बनियनवर. मी परत फिरले.

पावसाळा संपल्यावर आम्ही दिवसभरासाठी उत्तनला गेलो. टेम्पोत पोरं, ताडपत्री, पातेली आणि माझी मोठी परात. खाडीच्या काठाला जागा बरी होती. एका बाजूला बांबूंवर बोंबील वाळत होते, समोर ओहोटीने उघडा पडलेला चिखल, चकचकीत. मी परातीत पुऱ्यांची कणीक मळायला घेतली.

पहिलं काम झेंडा लावायचं. कुठे लावायचा ते संघनायकाने ठरवायचं. नाझनीन आधी सगळ्या पोरांना विचारून आली. मग मला विचारलं. मी म्हटलं, "तू ठरव गं." मग म्हसकरांपुढे जाऊन उभी राहिली. ते बांबू घेऊन झाड झालेले. काही पोरं फिदीफिदी हसायला लागलेली. नाझनीनचा चेहरा उतरत चालला होता.

तेवढ्यात तिच्या नाकावर माशी बसली. बोंबील वाळत असतात तिथे माश्यांना काय तोटा. तिने हात झटकला. हात गेला खाडीच्या दिशेला.

"ठरलं," म्हसकर म्हणाले आणि चालायला लागले.

"अहो, तिकडे चिखल आहे," मी ओरडले.

"नायकाने हात केलाय वहिनी."

गेले. परेडमध्ये चालतात तसे ताठ. घोट्यापर्यंत गेले, गुडघ्यापर्यंत गेले, मांडीपर्यंत गेले, बांबू रोवला, सॅल्यूट केला आणि परत फिरायला गेले तर पाय निघेना. जितके हलले तितके खाली गेले.

आता पुन्हा सुरुवातीला या. कमरेपर्यंत चिखल, पाणी वळसे घेत जवळ यायला लागलेलं, आणि बस्त्याव हातात दोर घेऊन नाझनीनकडे बघतोय. मोबाइल तेव्हा आमच्यात फक्त माझ्या सुनेकडे होता आणि ती घरी होती.

बस्त्यावने एकदा दोर फेकलाही. बरोबर म्हसकरांच्या हाताशी पडला. त्यांनी धरला नाही.

"बाय, ह्यो मानूस येरा हाय का?" बस्त्यावने मला विचारलं.

"वेडा? अर्धा," मी म्हटलं.

"पानी बेगीन चरतंय. मंग कोन न्हाय कारू शकनार."

मग मी आवाज चढवला. "म्हसकर, पुरे झालं. मुकाट्याने दोर धरा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वहिनी," ते म्हणाले, "झाड व्हा ना."

हुकूम नव्हता तो. माणूस उधार साखर मागतो तसं म्हणाले. तेव्हा मी नीट बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वारा नव्हता, तरी त्यांच्या हातातला झेंडा हलत होता. शिट्टी गळ्यात होती. एकदा जोरात वाजवली असती तर पलीकडच्या होडीवरचे चार जण धावत आले असते. दाताखाली धरली होती, पण वाजवत नव्हते.

नाझनीनने माझा पदर ओढला. "आजी, मैं क्या करूँ? आप बोलो ना."

"मला नको विचारू," मी म्हटलं. "मीपण झाड."

आणि कणकेचे दोन्ही हात वर केले. बस्त्याव दोन पावलं मागे सरकला.

नाझनीनने माझ्याकडे बघितलं, म्हसकरांकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. पोरं आता हसत नव्हती. मग तिने चष्मा काढला, फ्रॉकला पुसला, परत घातला.

"सब पागल हो गये हैं," ती म्हणाली. हे तिने कोणाला विचारलं नाही. तिच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य, ज्याच्या शेवटी 'क्या' नव्हतं.

"आजी, परात दो."

"कणीक आहे त्यात."

"फेको."

मी फेकली. इतक्या माणसांच्या पुऱ्यांची कणीक.

"अंकल, वो बांबू लाओ."

"बोंबील हायत त्यावर," बस्त्याव म्हणाला.

"तो निकालो. जल्दी."

एवढा आडदांड माणूस, गेला आणि बोंबील ओढून काढायला लागला. तिने चिखलावर बांबू आडवे टाकायला लावले, त्यावर ताडपत्री, पुढे परात उलटी. बस्त्याव पोटावर सरपटत गेला. मागून तिचा आवाज, "धीरे, अंकल, धीरे." म्हसकर मध्येच म्हणाले, "मी झाड—"

"झाड बोलता नहीं, सर."

म्हसकरांनी दोन्ही हात वर केले. बस्त्यावने दोर त्यांच्या काखांखालून घेऊन बांधला, दुसरं टोक काठावर आमच्याकडे. पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं. नाझनीन पुढे उभी राहून ओरडत होती, "सब साथ में. खेंचो. रुको. खेंचो." मी खेचत होते, पोरं खेचत होती. बराच वेळ काहीच होईना. मग चिखलाने एक मोठा घाणेरडा आवाज केला आणि माणूस सुटला.

सुटला तो अर्धाच. बूट आणि खाकी हाफ पँट चिखलाने ठेवून घेतली. म्हसकर पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर काठावर आले.

"सब पीछे घूमो," नाझनीन म्हणाली.

आम्ही सगळे वळलो. बस्त्यावसुद्धा वळला. मीसुद्धा, आणि मला आता या वयात काय बघायचं राहिलंय.

मी माझी चादर मागच्या मागे दिली. पुन्हा वळून बघितलं तर चादर गुंडाळलेले म्हसकर उभे आणि नाझनीनने त्यांच्यापुढे डावा हात केलेला. त्यांनी तो धरला. किती वेळ सोडला नाही. मी चूल पेटवायला गेले. कणीक नव्हती, म्हणून बस्त्यावने बोंबील दिले ते भाजले. चिखल लागलेले जरा धुवावे लागले.

परत येताना टेम्पोत म्हसकर माझ्या शेजारी बसले होते. पोरं झोपली होती. मला राहवलं नाही.

"म्हसकर, तिने हात केला नव्हता. नाकावर माशी होती."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मी समोरच उभा होतो वहिनी. मोठी होती, हिरवी."

"मग गेलात कशाला मरायला?"

ते चादरीचं टोक दुमडत बसले. "माझी सगळी नोकरी विचारण्यात गेली. खिडकी उघडू का, चहाला जाऊ का. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला तेव्हासुद्धा साहेबांच्या टेबलासमोर उभा होतो. जाऊ का विचारायला. साहेब फोनवर होते."

"मग?"

"फोन लांबला."

टेम्पोचा एक खड्डा गेला, दुसरा गेला.

"तिचा हात पहिल्यांदाच वर झाला होता," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. तो खाली कसा पाडायचा?"

मी म्हटलं, "पुढच्या वेळी तिला कोरड्या जागेकडे तोंड करून उभी करा."

"बरं," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी नाझनीन माझ्या दारात आली. "आजी, मैं पानी पी रही हूँ," म्हणाली आणि सरळ आत जाऊन माठातून पेला बुडवून घेतला. पेला हात न धुता बुडवला, ते मी तिला सांगितलं. तेवढं सांगायला झाडाचीही हरकत नसावी.

उत्तनला गेलो होतो ती सगळी माणसं परत आली. पोरं, नाझनीन, मी, म्हसकर. परात खाडीत राहिली.