एकशेबाराव्या पानाचा समास

आत्मचरित्रपर कादंबरी लेखिका एकटीने लिहिते. तिच्यात कोण कोण आहे हे ठरवण्याचे काम मात्र सबंध तालुक्याला करावे लागते. घाटंजीने हे काम मनापासून केले.

लेखिका बबिता राठोड जवळच्या तांड्यावरची. तिची कादंबरी आमच्या वाचनालयात आली, तेव्हा मी निवृत्त होऊनही ग्रंथपालाच्या टेबलामागेच बसत होतो (उठायला कोणी सांगितले नव्हते). पुस्तकावर पेन्सिलने लिहू नये, हा नियम एकतीस वर्षे मीच पाळायला लावला. तरी दोन महिन्यांत प्रत्येक चांगल्या पात्रासमोर समासात खऱ्या माणसाचे नाव उमटले. बहुतेक नावे ज्याची त्याच्याच अक्षरात होती.

सर्वाधिक मागणी मास्तरांना. हे मास्तर तांड्यावरच्या मुलीला गुपचूप पुस्तके पुरवतात. त्यांच्यासमोर अकरा नावे: एक माजी सभापती, दोन डॉक्टर, आणि आमचे भगवानराव, ज्यांनी आयुष्यात पंचांगाखेरीज पुस्तक उघडले नाही. बारावे नाव माझे. (फिकट लिहिले, शंका होतीच.) जन्मभर दुसऱ्यांची पुस्तके लावली, एखाद्या पुस्तकात आपणही असावे एवढीच इच्छा होती.

सत्काराला गावात आलेली बबिता वाचनालयातही डोकावली. समास वाचून हसली. माझ्या नावाशी थांबली.

"काका, असा मास्तर मले भेटलाच नाही. म्हणून तर लिवा लागला."

मी खोडरबर शोधू लागलो.

"तुमी आहा ना पुस्तकात. एकशेबारा पानावर."

ते पान मला पाठ होते. वाचनालयात बाकावर बसलेल्या मुलीला चिटणीस सांगतात, तांड्याच्या पोरींनी बाहेर उभं राहून वाचावं. मुलगी टेबलामागच्या माणसाकडे पाहते. त्याला नेमकी तेव्हाच नोंदवहीत एक नोंद करायची असते. हा आधीचा ग्रंथपाल असावा, असे समजून मी दर वेळी ते पान उलटले होते. (माझ्याआधी इथे ग्रंथपाल नव्हता.)

"कायची नोंद करून राह्यलते हो तवा?" तिने विचारले. रागाने नाही, तिला खरेच जाणून घ्यायचे असावे.

पाहून सांगतो म्हणालो, आणि नोंदवहीत मान घातली. वर पाहिले तेव्हा ती गेली होती.

मास्तरांसमोरचे माझे नाव मी खोडले. ते एकशेबारावर लिहायचे आहे. पण पुस्तकावर लिहू नये, हा नियम मला नेमका आताच आठवतो.

प्रत उपलब्ध आहे. पेन्सिल टेबलावर मिळेल. मास्तरांच्या समासात बोट ठेवायला जागा नाही, तरी आपण आपले नाव तिथेच कुठेतरी बसवाल. एकशेबाराचा समास अजून कोरा आहे.