थॉर्नबेकची थोडी गैरसोय

जनतेच्या मनात काय आहे हे जनतेलाच विचारून ठरवावं, हा सुधारलेल्या राज्यकारभाराचा पाया आहे. (निर्णय आधीच झालेला असला, तर विचारताना अधिक मोकळेपणा येतो.) उत्तर इंग्लंडातलं थॉर्नबेक या बाबतीत फारच सुधारलेलं गाव. गेल्या वर्षी तिथे कबुतरांविषयी, बागेतल्या बाकांच्या रंगाविषयी आणि सर्वेक्षणं फार होतात का, याविषयी सर्वेक्षणं झाली. शेवटच्यात एकसष्ट टक्के लोकांनी ‘सांगता येत नाही’ असं ठामपणे सांगितलं.

तेव्हा सतरा नंबरची बस बंद करण्याआधी कौन्सिलने लोकांना विचारलं, यात नवल नव्हतं. प्रश्न एकच: बस बंद झाल्यास आपली किती गैरसोय होईल? अजिबात नाही, थोडी, बरीच की अतिशय?

एनिड पॉटिंजरबाई दर मंगळवारी याच बसने धाकट्या बहिणीकडे जात. म्यूरिएल वृद्धाश्रमात होती आणि आता तिला एकटी एनिडच ओळखू येई. टॅक्सी परवडणारी नव्हती. म्हणजे बस गेली की बहीण गेली. सर्वेक्षणवाले क्लाइव्ह दारात उभे राहिले तेव्हा बाई म्हणाल्या, “थोडी पंचाईत होईल खरी.”

आता थॉर्नबेकमध्ये ‘थोडं’ हा सर्वांत मोठा शब्द. बाईंचं छप्पर उडून शेजाऱ्याच्या बागेत पडलं, तेव्हा ‘थोडा वारा होता’. मिस्टर पॉटिंजर ज्या आठवड्यात वारले, त्या आठवड्यात त्यांना ‘थोडं बरं वाटत नव्हतं’. ‘अतिशय’ हा शब्द केकची स्तुती करताना वापरतात, आणि तोही केक बिघडला असेल तर.

अहवाल आला: त्र्याण्णव टक्के नागरिकांची गैरसोय थोडीच होणार. (उरलेल्या सात टक्क्यांनी क्लाइव्हना तसदी पडल्याबद्दल त्यांचीच माफी मागितली होती.) बस बंद झाली. लोक पुढे आठवडाभर थांब्यावर रांगेत उभे होते, कारण आपणच आधी रांग सोडणं बरं दिसत नाही.

मग निर्णयाचा फेरविचार करावा का, हे ठरवायला दुसरं सर्वेक्षण निघालं. त्याच सुमारास वृद्धाश्रमातून फोन आला. “मंगळवारी कोट घालून खिडकीत बसतात,” तिथली नर्स म्हणाली. “थोडी वाट बघतात हो.” बाईंनी फोन ठेवला आणि त्या संतापल्या. या खेपेला खरं बोलायचंच, असं ठरवून त्यांनी किटलीसमोर ‘अतिशय’ म्हणण्याचा सराव केला. सुरुवातीला फार लाज वाटली.

क्लाइव्ह भिजत आले.

“या हो. चहा घ्या.”

“नको, तुम्हाला उगाच त्रास.”

“त्रास कसला? किटली चढलेलीच आहे.”

चहा झाला, हवापाण्यावर बोलणं झालं आणि प्रश्न आला. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“अतिशय,” त्या म्हणाल्या. “माझी अतिशय गैरसोय झाली, राजा. महिना उलटला, बहीण दिसली नाही. मला रोज रडू येतं.”

क्लाइव्हना असं हसू लोटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“काय बाई तुम्ही! चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मला खरंच वाटलं की.”

माणूस एवढा खुशीत आलेला. त्याचा विरस कोण करणार? बाईंनी त्यांना केकचा आणखी एक तुकडा कापून दिला. क्लाइव्हनी ‘अजिबात नाही’वर खूण केली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘नागरिक समाधानी व विनोदी.’ फेरविचार रद्द झाला. म्यूरिएल अजून कोट घालून बसते.

या अहवालाला वाचकांचं मतही जोडायचं आहे. बाई ‘अतिशय’ म्हणाल्यावर क्लाइव्हबरोबर आपणही हसलात. तशी नोंद घेतली आहे.