धबधब्याची प्रात्यक्षिक परीक्षा

माडगवण्याच्या धबधब्याने यंदा पर्यटनसेवेच्या प्रशिक्षणवर्गात नाव घातलं. वर्ग मी चालवते. प्रवेशाची अट एकच, उमेदवार गावचा रहिवासी हवा. त्याच्याइतका जुना रहिवासी गावात दुसरा नाही, त्यामुळे हरकत घ्यायला जागाच नव्हती.

संध्याकाळी पाहुणे पांगले की तो कडा उतरून शाळेत यायचा आणि व्हरांड्याच्या पन्हळीला लटकून तास ऐकायचा. खाली आम्ही घंगाळ ठेवायचो. ते पाणी सकाळी शाळेच्या अळवाला जायचं. म्हणजे पाणी वाया न घालवण्याचा धडा मी शिकवण्याआधीच त्याने करून दाखवला होता. बाकीचे विद्यार्थी, खानावळवाले आणि होडीवाले, तोंड लपवून जांभया द्यायचे. या पठ्ठ्याला मी कधी पेंगताना पाहिलं नाही.

त्याला गरजही तशीच होती. वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, एक नवं रिसॉर्ट झालं होतं आणि त्यांनी बटण दाबलं की पडणारा धबधबा बांधला होता. त्याच्यासाठी त्यांना आमच्या धबधब्याचाच झरा हवा होता, झऱ्यावर पंपसुद्धा आधीच बसवून ठेवला होता. पर्यटन कार्यालयाने निकाल दिला की आमच्या धबधब्याने परीक्षा पास केली तर झरा त्याचा, नाहीतर रिसॉर्टचा. तो नापास झाला असता तर खाली नुसता काळा कातळ उरला असता.

पण शिकला हो! वाटाड्या बोलायला लागला की आवाज खाली घ्यायचा, हे त्याला दोन तासांत जमलं. कड्याखालच्या साकवावर, ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, आम्ही पावलं ओळखणारं यंत्र बसवलं. कोणी येऊ लागलं की ते त्याला कळवायचं आणि मग तो सगळ्या ताकदीनिशी पडायचा. एरवी करंगळीएवढी धार. एरवी पौषात आटणारा हा गडी यंदा शिमग्यापर्यंत पुरेल असं दिसत होतं. फक्त ‘वेलकम’ म्हणताना अडखळायचा. “ह्या माझ्या तोंडात बसना नाय,” म्हणायचा. मी त्याच्याकडून ते रोज घोकून घ्यायचे.

परीक्षा मार्गशीर्षात ठरली. आणि मग देवळाचे मानकरी तातू गावकर वर्गात आले. देवाने गावपळणीचा कौल दिला होता. काही वर्षांनी एकदा आमचं सगळं गाव घरांना कड्या घालून गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन राहतं. देव परत फिरायचा कौल देईपर्यंत मागे कोणी थांबायचं नाही. तेवढाच गावाला विसावा. आता निघायचा दिवस आला तो नेमका परीक्षेच्या आदला.

“तातू, याला वगळा,” मी म्हटलं. “परीक्षा कामाच्या जागीच द्यावी लागते.”

“बाय, कोंबडोसुदा मागे रवणा नाय. ह्येका खंयच्या नेमान ठेवू?”

“अहो, तो पाणी आहे.”

“वर्गात घेताना तू रहिवासी म्हणान घेतलंस मां?”

मी पन्हळीकडे वळले. “अरे, झरा जाईल तुझा.”

“मॅडम,” तो म्हणाला, “सगळो गाव भायर आणि मी एकटोच कड्यार? मगे मी कोणाचो धबधबो?”

मला त्याचा भयंकर राग आला. आणि खरं सांगायचं तर ऊरही भरून आला.

गाव निघालं. बैलगाड्या पुढे, शेळ्या मध्ये, आणि सगळ्यांच्या मागून धबधबा, वाटेतली धूळ बसवत. वेशीपलीकडच्या मळ्यात झोपड्या उभ्या राहिल्या आणि तो एका आंब्याच्या फांदीवरून खाली पडू लागला. भांडी लख्ख घासून मिळाल्यामुळे बायका खूश होत्या.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या परीक्षक लोहोकरेबाई आम्हाला शोधत मळ्यात आल्या. आधी त्या सड्यावर जाऊन आल्या होत्या. तिथे बटण दाबलं तर पंपाने नुसती हवा ओढली म्हणे. साहजिकच आहे, झराही गावच्या हद्दीतला. तो आमच्याबरोबरच आला होता.

“उमेदवार कामाच्या जागी हजर नाही,” बाई म्हणाल्या. “तोंडी परीक्षा इथे घेते. प्रात्यक्षिक कड्यावरच होईल.” मग त्यांनी चष्मा सावरून आंब्याकडे पाहिलं. “पर्यटक दारात आलेले असताना सेवा बंद ठेवणं तुम्हाला योग्य वाटतं?”

“गाय व्याली काय पयलो मान वासराचो,” धबधबा म्हणाला. “दूध नाय म्हणान पावणो रागावता. पण वासरू जगला तरच फुडच्या खेपेक त्येका च्याय गावतली. कड्यारसून किती लोक चलतत वरसभर. त्येचा शेवाळसुदा वाढूक व्हया.”

बाईंनी पूर्ण गुण दिले आणि गाव परत कधी फिरणार ते विचारलं. तातूंनी कौल लावला. फूल डावीकडे पडलं.

“आज नाय,” तातू म्हणाले.

बाई थांबल्या. पुण्याची बाई कुरकुर करील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी आमच्याबरोबर पेज खाल्ली, गवतावर अंग टाकलं आणि दुसऱ्या दिवशी फूल पुन्हा डावीकडे पडल्यावर न सांगता चुलीसाठी जळण गोळा करून आणलं. तिसऱ्या दिवशी फूल उजवीकडे पडलं आणि गाव माघारी फिरलं.

धबधबा कड्यावर चढला. कातळावर हिरवं कोवळं शेवाळ धरलं होतं, त्याला न दुखवता त्याने बाजूने धार सोडली. बाई साकवावरून चालत आल्या, यंत्राने कळवलं, आणि तो असा कोसळला की माझ्या अंगावर काटा आला. बाईंनी बोलायला तोंड उघडताच त्याने आवाज खाली घेतला. सगळं शिकवलं तसं.

“आता पाहुण्यांचं स्वागत,” बाई म्हणाल्या.

मी हातवारे करून ‘वेल, वेल’ सुचवत होते.

“माका येता,” तो म्हणाला. “पण ता पावण्याक म्हणतत. तुमी आमच्यावांगडा पळणीक व्हतात. तुमका कसा म्हणू?”

नियमाप्रमाणे बाईंनी स्वागताला शून्य दिलं, बाकी सगळ्यात पैकीच्या पैकी दिले आणि तो पास झाल्याचं जाहीर केलं. नंतर चपला काढून त्या पाण्यात पाय सोडून बसल्या.

झरा खाली धबधब्याकडेच राहिला. पुढच्या पळणीचा कौल लागला की लोहोकरेबाईंना कळवायचं, असं तातूंनी सांगून ठेवलंय. आता त्यांनाही गाव सोडावं लागणार, आणि त्यासाठी आदल्या दिवशी त्यांना पुण्याहून गावात यावं लागेल.