कोपऱ्यापासून तिसरा

रामलिंग हुक्केरे एका शिक्षणसंस्थेत हिशेबनीस होते. संस्थेच्या सगळ्या शाळांचं अंदाजपत्रक त्यांच्या हातून जायचं, आणि खडूचा एक डबा जास्त दाखवायची कुणाही मुख्याध्यापकाची छाती होत नसे. तेव्हा कळंब्याला तलावाजवळ प्लॉट घेऊन घर बांधायचं ठरलं त्या दिवशीच त्यांनी बायकोला बजावलं की, लोकांची घरं बजेटबाहेर जातात ती लोकांना हिशेब येत नाही म्हणून. आपलं घर ठरल्या पैशात उभं राहील. वर जो पैसा उरेल त्यात तुला पाटल्या करू.

दानेश्वरीनं पाटल्या मागितल्या नव्हत्या. लग्न झाल्यापासून ती मंगळवार पेठेत भाड्याच्या घरात राहत होती. तिथं स्वयंपाकघराची खिडकी उघडली की शेजाऱ्याच्या न्हाणीची भिंत दिसायची. तिचं मागणं एवढंच, की ओट्यापुढची खिडकी तलावाकडं असावी. रामलिंगनी ते मंजूर केलं, कारण खिडकी कुठल्याही दिशेला केली तरी खर्च तोच येतो.

मग काटछाट सुरू झाली. आर्किटेक्टकडून फक्त नकाशा घेतला, देखरेख स्वतःकडं ठेवली. भूमिपूजनाला पेढ्यांऐवजी साखर वाटली. सरकारी मोजणी करून हद्द कायम करून घ्या, असं गुंडू मिस्त्रीनं सुचवलं, तेव्हा रामलिंगना हसू आलं. कोपऱ्यापासून तिसरा प्लॉट आपला. तीनपर्यंत मोजायला सरकारला कशाला फी द्यायची? एका रविवारी गुंडूला टेपचं दुसरं टोक धरायला लावून त्यांनी स्वतःच जागा आखली.

घर भराभर वर आलं. जोतं झालं, कॉलम उभे राहिले, विटा खिडकीच्या उंचीला पोचल्या. रामलिंग रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तिथं जाऊन भिंतींवर पाणी मारायचे. दानेश्वरी एकदा येऊन खिडकीच्या रिकाम्या चौकोनापाशी बराच वेळ उभी राहिली. लांब तलावाची एक पट्टी दिसत होती. परतताना तिनं वाटेत थांबून ओल्या भेळेचे पैसे स्वतः दिले.

नंतर एका संध्याकाळी रामलिंग पाणी मारायला गेले, तर त्यांच्या हॉलमध्ये एक धिप्पाड गृहस्थ शेंगा सोलत उभे होते. आजऱ्याला यांचा काजूचा कारखाना, नाव आकाराम देसाई.

"कोण पायजे, पावणं?" रामलिंगनी विचारलं.

"कोण न्हाय. काम बेस चाललंय. घर कुणाचं?"

"माझंच की."

"आन जागा?"

"जागा बी माझीच."

आकारामनी शेंगेचं टरफल जोत्याखाली टाकलं. "मग मी काय खरेदी केलंय म्हणायचं?"

रामलिंगनी त्यांना आधी समजावलं, मग दटावलं, आणि शेवटी हात धरून कोपऱ्यापर्यंत नेऊन एक, दोन, तीन असे प्लॉट मोजून दाखवले. आकारामनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की, तुम्ही दुसरा म्हणून जो मोजला तो प्लॉटच नव्हे. ती बागेसाठी सोडलेली मोकळी जागा. ती सोडून मोजा.

खात्री करायला सरकारी मोजणीच करावी लागली. तीही अतितातडीची, आणि तातडीची फी साध्या फीच्या कितीतरी पट. मोजणीदारानं यंत्र लावून पाहिलं आणि रामलिंगना त्यांचा खरा प्लॉट दाखवला. त्यावर कंबरभर काँग्रेस गवत माजलं होतं आणि मधोमध एक म्हैस बसली होती.

रामलिंगनी प्लॉटची अदलाबदल सुचवली. आकारामनी मान हलवली. "माझ्या शेजारी बाग हाय. जलमभर उजेड. तुमच्या दोन्ही अंगाला भिंती येणार. मी कशाला बदलू? तुमचं बांधकाम तेवढं काढून न्या."

वकिलानं सांगितलं, दावा लावू, पण निकाल घ्यायला नातवाला पाठवा. गुंडूनं पाडायचा खर्च काढून दिला. रामलिंगनी तो शिल्लक रकमेशी ताडून पाहिला. प्रॉव्हिडंट फंड विटांत गेला होता. जे उरलं होतं त्यात घर पाडता आलं नसतं, आणि बांधता तर मुळीच आलं नसतं.

त्या रात्री त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं मधे एकदाच विचारलं, "पहिल्यांदा साधी मोजणी केली असती, तर फी किती पडली असती?"

रामलिंगनी आकडा सांगितला. दानेश्वरी परत भाकरी थापायला लागली. ती एकदा जरी कडाडून बोलली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं.

शेवटी आकारामनीच मन मोठं केलं. बांधकाम राहू दे, पाडायचे पैसे मागत नाही, असं ते म्हणाले, आणि त्याच जोत्यावर, त्याच नकाशाप्रमाणं, त्याच गुंडूकडून घर पुरं करून घेतलं. गुंडू मात्र कृतज्ञ माणूस. रामलिंगच्या ऑफिसात येऊन पेढे देऊन गेला.

वास्तुशांतीला हुक्केरे नवराबायकोला आमंत्रण होतं. रामलिंग तोंड पाडून पंगतीला बसले. दानेश्वरी ताटावरून उठून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिकडंच राहिली. आकारामची बायको तिला शोधत आली तेव्हा ती खिडकीशी उभी होती. त्या बाईला काय वाटलं कोण जाणे, बाहेर येऊन ती नवऱ्याच्या कानाला लागली. आकाराम रामलिंगजवळ येऊन म्हणाले, "आमी काय आजरा सोडत न्हाय. घर मोकळंच पडणार. भाड्यानं ऱ्हाता काय?"

रामलिंग नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं.

"ऱ्हातो," दारातनं दानेश्वरी म्हणाली.

अशा रीतीनं रामलिंग हुक्केरे आपल्या घरात राहायला गेले. भाडं मंगळवार पेठेपेक्षा जास्त होतं. पाहुणे येऊन घराची तारीफ करायचे आणि प्रत्येकाला, घर मालकांचं आहे, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसायचा.

पावसाळ्यात हॉलच्या भिंतीला ओल आली. कोपऱ्यात पोपडे सुटायला लागले. रामलिंगना आतून जरा बरंच वाटलं. भाडेकरू झाल्यावर निदान दुरुस्ती तरी आपल्या गळ्यात नसते! त्यांनी आवाजात जरब आणून आजऱ्याला फोन लावला आणि घरमालक म्हणून तुमची जबाबदारी काय, हे आकारामना नीट ऐकवलं.

आकारामनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ओल वरनं उतरतीया, का खालनं चढतीया?"

"खालनं."

"मग ती जोत्यातनं आलीया, पावणं," आकाराम म्हणाले. "जोतं तुमचं हाय की."