मैत्रीकुंजचा मानद प्रॉक्सी

भांडुप पश्चिमेच्या मैत्रीकुंज सहकारी गृहनिर्माण संस्थेत चोवीस खोल्या होत्या, चोवीस नळ होते आणि एक बूस्टर पंप होता. पंप तिसऱ्या मजल्यावर, सेक्रेटरी राजेश सावंत यांच्या मोरीत, उलट्या घातलेल्या टबाखाली होता. सकाळी पाणी आलं की तो घरघरायचा आणि उरलेल्या तेवीस नळांना धाप लागायची. ही गोष्ट इमारतीत सगळ्यांना ठाऊक होती, म्हणजे अधिकृतपणे कोणालाच ठाऊक नव्हती.

संस्थेची तक्रारवही चौदा वर्षं जुनी होती आणि तीत आजवर एकाच माणसाने तक्रार केली होती. त्याचं नाव ‘एक त्रस्त रहिवासी’. हा गृहस्थ कधी निळ्या शाईने लिहायचा, कधी लाल, कधी पेन्सिलने. पण अक्षर लपत नाही. मालनबाई राण्यांचा ‘र’ सावंतांनी ओळखला आणि पुढच्याच आठवड्यात मालनबाईंच्या गॅलरीत वाळत घातलेल्या गोधडीमुळे इमारतीच्या सौंदर्यास बाधा येत असल्याची नोटीस निघाली. त्यानंतर वही कोरी राहू लागली. संस्थेत शांतता नांदत असल्याचं वार्षिक अहवालात नमूद झालं.

त्या वर्षीच्या सभेत हा पेच सोडवला तो देवेशने. देवेश अठरा नंबरमधला, मालाडच्या एका कॉम्प्युटर कंपनीत कामाला.

“सिंपल आहे काका,” तो म्हणाला. “आमच्या ऑफिसात मी एखादी वेबसाइट उघडली ना, तर माझा कॉम्प्युटर थेट तिकडे जात नाही. मध्ये प्रॉक्सी सर्व्हर असतो. मी त्याला सांगतो, मला हे हवंय. तो ते स्वतःच्या पत्त्यावरून मागतो, उत्तर आलं की मला आणून देतो. समोरच्याला फक्त प्रॉक्सी दिसतो. मी दिसतच नाही.”

“दिसतच नाही?” मालनबाईंनी विचारलं.

“अजिबात नाही.”

सभागृह, म्हणजे सायकली ठेवायची जागा, एकदम जिवंत झालं. लोकांना आयुष्यभर हेच हवं होतं. बोलायचं आणि दिसायचं नाही.

“सगळ्यांनी तेच तेच मागितलं तर?” कोणीतरी विचारलं.

“मग तो दर वेळी जात नाही. पहिल्या उत्तराची कॉपी ठेवतो, तीच देतो.”

“नको ते मागितलं तर?” हा प्रश्न सावंतांचा.

“अडवतो ना. बंद गोष्टींची यादी त्याला आधीच दिलेली असते. आणि कोणी काय मागितलं याची नोंदही राहते त्याच्याकडे.”

सावंतांच्या चेहऱ्यावर तेज आलं. “झकास! नोंदवही माझ्याकडे राहील. सुरक्षिततेसाठी.”

“पण काका, हे मशीनचं काम आहे.”

“मशीन कशाला? नंदू आहे ना!”

नंदू घाडी तळमजल्यावर दोन नंबरमध्ये राहायचा. बाप गिरणीत होता. नंदूने एका कुरियर कंपनीत सव्वीस वर्षं परक्यांची पाकिटं न उघडता पोचवली होती आणि कंपनी बंद झाल्यापासून तो घरीच होता. त्याची बायको राधा सकाळी घावणे आणि आंबोळ्यांचे डबे करायची. घर त्यावर चालायचं आणि डबे नळावर चालायचे. असा सरळ माणूस सापडला की समाज त्याला मोकळा सोडत नाही. टाळ्यांच्या गजरात नंदूची ‘प्रॉक्सी सर्व्हर (मानद)’ म्हणून नेमणूक झाली आणि त्याला एक रबरी शिक्का मिळाला.

नंदू खूश होता. शिक्का त्याने देव्हाऱ्याशेजारी ठेवला.

राधाने शिक्क्याकडे बघितलं आणि नाक मुरडलं. “माका ह्या काय बरा दिसणा नाय. लोकांची गाऱ्हाणी तुमच्या नावावर कित्याक घेतास?”

“गो, विश्वासाचा काम आसा,” नंदू म्हणाला.

काम नियमांनुसार सुरू झालं. रहिवाशाने चिठ्ठी दोन नंबरच्या दाराखालून सरकवायची. नंदूने ती आपल्या अक्षरात उतरवायची, खाली आपलं नाव, सही आणि खोली क्रमांक घालायचा, मूळ चिठ्ठी फाडायची आणि अर्ज पालिकेच्या पाणी कार्यालयात द्यायचा. उत्तर आलं की ते गुपचूप संबंधिताच्या दाराखाली. बंद शब्दांची यादी सावंतांनी स्वतः टाइप करून दिली होती. पंप, मोटर, तिसरा मजला, घरघर. त्यामुळे अर्ज असे जात, ‘सकाळी ___ च्या ___ मुळे आमच्या नळाला पाणी येत नाही, तरी ___ वर कारवाई व्हावी.’ कार्यालयाने त्यावर ‘रिकाम्या जागा भराव्यात’ असा शेरा मारून ते परत पाठवले.

कॉपी ठेवण्याची सोयही लोकप्रिय झाली. मार्चमध्ये कोणीतरी पाण्याची वेळ विचारली, कार्यालयाने ‘सकाळी साडेसहा’ असं कळवलं, नंदूने ते आपल्या वहीत टिपलं. मेमध्ये पाणी पावणेपाचला येऊन सहाला जाऊ लागलं. विचारणाऱ्या प्रत्येकाला नंदूने वहीतून ‘साडेसहा’ हेच उत्तर दिलं, कारण पद्धत तशी होती. चाळीस पावलांवर पाणी कार्यालय होतं. पण तिथे जाऊन विचारलं की तोंड दिसणार! लोकांनी दोन आठवडे कोरड्या नळाखाली बादल्या लावल्या आणि कार्यालयाच्या नावाने बोटं मोडली.

चिठ्ठ्या मात्र वाढत होत्या. लोकांची भीड चेपली होती. जो माणूस जिन्यात शेजाऱ्याला ‘काय म्हणता, बरंय ना?’ म्हणायचा, तो वर जाऊन त्याच्याविरुद्ध दोन पानं लिहायचा. प्रत्येकाची नंदूकडे दोनच मागण्या असत. माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस, आणि बाकीच्यांनी काय लिहिलंय ते जरा सांग.

सावंतही चिठ्ठ्या टाकत. त्यांच्या चिठ्ठ्यांना यादी लागू नव्हती. जूनच्या सुरुवातीला त्यांनी लिहिलं, ‘दाब इतका कमी आहे की पंप लावूनही माझी टाकी भरत नाही. कार्यालय झोपलं आहे काय?’ नंदू थबकला. पण वाचायचं नाही, पोचवायचं, ही त्याची सव्वीस वर्षांची सवय. त्याने शब्दन् शब्द उतरवला, खाली नाव घातलं, नंदू घाडी, खोली क्रमांक दोन. मूळ चिठ्ठी नियमाप्रमाणे फाडली.

आठ दिवसांनी पाणी कार्यालयातून बोलावणं आलं. तिथल्या नीलम मॅडमनी टेबलावर गठ्ठा ठेवला.

“घाडी, तुमचे तीन महिन्यांत दोनशे सतरा अर्ज आहेत. तुम्हाला घरात दुसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही. चौथ्या मजल्यावरही येत नाही. तुम्हाला जुळी नातवंडं आहेत, अंथरुणाला खिळलेल्या तीन सासवा आहेत, आणि तुम्हीच तुमचे शेजारी आहात. खोलीत राहता किती जण?”

“दोघं. मॅडम, हे माझे नाहीत. मी प्रॉक्सी आहे.”

“इथे सही कोणाची आहे?”

“माझी.”

“मग?” मॅडमनी सर्वांत वरचा कागद पुढे केला. “आणि हे. पंप लावल्याची लेखी कबुली. अहो, लोक पंप लपवतात. तुम्ही वर आम्हालाच झोपलात काय म्हणून विचारता?”

नंदूने पुन्हा पुन्हा सांगितलं. मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, “ठीक आहे. इमारतीतल्या एकाने, फक्त एकाने, लिहून द्यावं की हे अर्ज तुमचे नाहीत. नाव आणि सही हवी. शुक्रवारपर्यंत. नाहीतर नियमाप्रमाणे नळ तोडावा लागेल.”

नंदू चोवीस खोल्यांच्या इमारतीत तेवीस दारं फिरला. मालनबाईंनी त्याला चहा दिला, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, “नंदू, तुझ्यासारखा देवमाणूस नाही रे. पण माझ्या गोधडीचं प्रकरण अजून मिटलं नाही.” चौथ्या मजल्यावरचे केतन म्हणाले, आधी कोणी सही केली तर दुसरी माझीच. त्या दिवशी असे वीस जण निघाले जे दुसरी सही करायला तयार होते. सावंतांना नोंदवही मागितली तर ती गहाळ झाली होती. “माझाच जीव जळतो रे,” ते म्हणाले, “इतकी महत्त्वाची वही!”

शेवटी नंदू देवेशकडे गेला. “तूच सांगितलं होतंस ना रे? तू तरी सही दे.”

देवेशने मोबाइलमधून मान वर काढली नाही. “काका, मनाला लावून घेऊ नका यार. टेक्निकली बघाल तर सिस्टम परफेक्ट चालली. शेवटपर्यंत एकाचंही नाव बाहेर गेलं नाही.”

शनिवारी सकाळी माणसं आली आणि दोन नंबरचा नळ तोडून, वर बूच बसवून गेली. सगळी इमारत गॅलऱ्यांतून बघत होती. तिसऱ्या मजल्यावर पंप घरघरत होता. आलेल्या माणसांपैकी एकाने तो आवाज ऐकून वर बघितलं आणि विचारलं, “कसला आवाज?” गॅलऱ्या एका क्षणात रिकाम्या झाल्या.

राधाचे डबे बंद पडले. मग सावंतांचं मन द्रवलं. रोज दोन बादल्या आपल्याकडून भरून न्यायची त्यांनी घाडींना परवानगी दिली आणि तसा फलकही लावला. राधा दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी पीठ भिजवायला पाणी नव्हतं, तेव्हा गेली. भरलेल्या बादल्या घेऊन ती जिना उतरली. त्या घरात ठेवून नंदूला म्हणाली, “तो शिक्को देव्हाऱ्याकडसून काढा.”

नंदूने शिक्का उचलला, तेवढ्यात दाराखालून सरसर कागद आत आले. एकामागून एक तेवीस चिठ्ठ्या. त्याने पहिली उघडली. ‘नंदू घाडी या सज्जन माणसावर घोर अन्याय झाला आहे. याची योग्य त्या ठिकाणी दाद मागावी. माझं नाव मात्र कुठेही येऊ नये. एक त्रस्त रहिवासी.’ दुसरीतही हेच होतं. तिसरीतही.

तेवीस वाचून झाल्यावर नंदूने दार लावून घेतलं. थोड्या वेळाने चोविसावी चिठ्ठी आली. ती मैत्रीकुंजमधल्या कोणाचीच नव्हती. मजकूर तोच होता. ही गोष्ट वाचून बाहेरच्या कोणाचं तरी मन हळहळलं असावं. अक्षर तुमचं होतं. पण घाबरू नका, नंदूने नियमाप्रमाणे ती लगेच फाडली.