रबरी पंजे नामंजूर

कचेरीत त्यांना सगळे कात्रीसाहेब म्हणत. कुठल्याही खात्याचं अंदाजपत्रक टेबलावर आलं, की यादीतली शेवटची बाब ते न वाचताच लाल शाईनं उडवत. यादीच्या शेवटी माणूस लिहितो ते केवळ हौसेपोटी, असं त्यांचं शास्त्र.

अशा माणसाला हौस लागावी, आणि तीही तळ्यात तरंगत मासे धरायची. हवा भरलेली ट्यूब, तिच्या मधोमध पाय पाण्यात सोडून बसायचं आणि पिसांची नकली माशी लांब फेकत राहायचं. तीन दिवस साहेब घरात येरझारा घालत यादी करत होते: ट्यूब, काठी, रीळ, दोर, पिसांच्या माश्या, छातीपर्यंतची रबरी विजार, आणि पाणी मागे सारायला पायात घालायचे रबरी पंजे.

बायकोनं आकडा पाहिला. एवढ्यात कपडे धुवायचं मशीन येतं, असं तिनं दोनदा ऐकवलं. अखेर तोड निघाली. तिनं ठरवलेल्या रकमेवर एक पैसा नाही, आणि पहिल्याच दिवशी घरी मासा आला नाही तर ट्यूब विकायची. बेरीज जराशी वर जात होती. साहेबांचा हात सवयीनं यादीच्या तळाशी गेला.

"पंजे कशाला? पाय आहेत की मला."

तळ्यावर वारा काठाकडून आत वाहत होता. ट्यूब निघाली ती निघालीच. साहेबांनी पाय झाडले, तर ती जागच्या जागी गरगरली. अर्ध्या तासात स्वारी तळ्याच्या मध्यावर. जो माणूस खुर्चीत दहा मिनिटं टिकत नाही, तो दुपारपर्यंत तिथं घड्याळ बघत, रीळ करकरवत बसला. मग काठावर राखणदार दिसला.

"होडी आण रे."

"होडी हाय साहेब, वल्ही न्हाईत. मागच्या साली मागितली होती. यादीत शेवटी होती म्हणं."

साहेब पुन्हा रिळाकडे वळले.

तेवढ्यात गळाला मासा लागला. केवढा, ते निम्मंच सांगितलेलं बरं: वासराएवढा. काठी वाकली आणि ट्यूब वाऱ्याविरुद्ध सुसाट सुटली. एक प्रदक्षिणा झाली, दुसरी झाली. वळणावर साहेब सायकलवाल्यासारखा हात दाखवू लागले. तिसऱ्या फेरीत मासा दमून काठच्या लव्हाळ्यात शिरला आणि दोघं चिखलात रुतले. राखणदारानं कमरेएवढ्या पाण्यात उतरून दोघांना मोकळं केलं.

साहेबांना धाप लागली होती, पण ट्यूब वाचली होती. "पोतं आण. घरी दाखवायचाय."

राखणदार हलला नाही. "मागच्या महिन्यात शाळेच्या हेडमास्तरांनाबी ह्यानंच काठाला आणलं, साहेब. वल्ही मंजूर होईस्तोवर आपल्याकडं हा येवढाच हाय."

साहेबांनी माशाकडे पाहिलं. घराच्या दिशेनं पाहिलं. मग गळ काढून मासा पाण्यात सोडला.

ट्यूब आठ दिवसांत विकली गेली. मासा अजून कामावर आहे म्हणतात. अर्थात, हंगामी.